शिट्टी आधी की पाणी आधी

व्यात्का नदी घरात शिरायला जेमतेम वीतभर बाकी होती, आणि आगाफ्या सीदोरोव्नाच्या मते नदीला थोडी जरी लाज असेल तर तेवढं अंतर पुरेसं होतं.

वसंतात बर्फ फुटला की नदी झारेच्ये वस्तीत फिरायला येणारच. ती कुंपणावरून यायची, कोबीच्या वाफ्यांवरून यायची, काठावरचं स्नानघर धुराड्यापर्यंत गिळायची आणि आठवड्याभरात कंटाळून परत जायची. वस्तीत याचं कुणाला नवल नव्हतं. कोंबड्या माळ्यावर गेल्या होत्या, गाय टेकडीवरच्या नातलगांकडे पोचली होती, आणि शेळी घरात खिडकीजवळच्या बाकावर पाहुणीसारखी बसली होती. दाराला आतून अडसर होता. दाराखालच्या फटीत आगाफ्याच्या वारलेल्या नवऱ्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट ठासला होता, आणि बाकीच्या फटी, जमिनीच्या फळ्यांमधल्यासुद्धा, ज्या तांबड्या मातीची या घरात खेळणी घडतात त्याच मातीनं लिंपल्या होत्या. येणं-जाणं खिडकीतून, नावेनं.

हे सगळं लिंपण आगाफ्या सीदोरोव्नाच्या थोरल्या सुनेनं, पेलागेयानं केलं होतं. त्याआधी तीन दिवस तिनं तीच जमीन नदीच्या वाळूनं घासघासून पांढरी काढली होती. आज घरात मागणी घालायला लोक यायचे होते.

पण सासूबाईंना आज मागणीपेक्षा टोपल्यांची काळजी होती. उद्या पलीकडच्या तीरावर, शहरात, शिट्ट्यांची जत्रा. दोन टोपल्या भरून मातीच्या शिट्ट्या तयार होत्या. मेंढे, बदकं, टर्की कोंबडे, सगळे भाजून, दुधात कालवलेल्या खडूनं पांढरे करून, अंड्यात कालवलेल्या रंगांनी नटवून, वर सोनेरी कागदाचे चौकोन चिकटवून. फक्त एक राहिलं होतं. रंगवताना भोकात खडू जाऊन बसतो, म्हणून प्रत्येक शिट्टी शेवटी वाजवून बघावी लागते. आगाफ्या सीदोरोव्नाच्या हातची मुकी शिट्टी जत्रेत गेली असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. आणि शिट्ट्या करणाऱ्या या घरात शिट्टी वाजवायला सक्त मनाई होती.

घरात शिट्टी वाजली की पैसा दार शोधतो, हे वस्तीत सगळेच मानायचे. पण सासूबाईंपाशी पुरावा होता. सासरे निकानोर एकदा चहा पिता पिता शिट्टी मारून गेले होते. त्याच आठवड्यात गाय मेली आणि भट्टी तडकली. गाय म्हातारी होती, भट्टी गाईहून म्हातारी होती, पण हे त्यांच्या तोंडावर सांगणार कोण! तेव्हापासून शिट्ट्यांची परीक्षा स्नानघरात व्हायची. ते तर आता पाण्याखाली.

"माळ्यावर जाऊन वाजवू का?" प्रोखोरनं विचारलं. पेलागेयाचा नवरा आईसमोर नेहमी परवानगी मागितल्यासारखाच बोलायचा.

"माळा कुणाचा?"

"आपला."

"मग ते घरच."

"छपरावर बसून?" धाकटी सून ग्लाफिरा म्हणाली.

"छप्पर काय शेजाऱ्यांचं आहे?"

"आजी, खिडकीतून डोकं बाहेर काढून वाजवलं तर?" उस्तिन्यानं विचारलं. पेलागेयाच्या या मुलीसाठीच आज मागणी येणार होती.

यावर मात्र सासूबाईंनी विचार केला. "डोकं बाहेर, पण बूड आत. पैसा बुडाकडे बघतो."

"मग नाव?" प्रोखोर म्हणाला. "ही काय, खिडकीलाच बांधलीय."

"दोरी सोड. बांधलेली नाव घराचीच, बांधलेल्या शेळीसारखी. नीट ऐकून ठेवा सगळे. पायाखाली नदी वाहती असेल, तिथं घर नाही. तिथं खुशाल वाजवा."

अशा रीतीनं प्रोखोर दोरी सोडून घरासमोर गोल गोल वल्हवू लागला आणि ग्लाफिरा टोपली मांडीवर घेऊन एकेक मेंढा फुंकू लागली. तिचा नवरा ओंडक्यांचे तराफे घेऊन नदीच्या खालच्या अंगाला गेलेला, म्हणून असली कामं तिच्याच गळ्यात पडायची. त्यात तिला नावेत मळमळायचं. पहिली टोपली अर्धी होईपर्यंत तिचा चेहरा कच्च्या कोबीसारखा झाला.

"भावजी, सरळ वल्हवा की!"

"सरळ गेलो तर थेट कझान शहरात पोचू, ग्लाफिरा!"

पेलागेया खिडकीतून हे बघत होती आणि तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. कुकार्का गावचे पेटीवाले येणार होते. बाप येलिसेय आणि मुलगा साव्वा, दोघंही गळ्यात अडकवायच्या, घुंगरू लावलेल्या पेट्या करायचे. गेल्या जत्रेत उस्तिन्यानं साव्वाला पाहिलं आणि तेव्हापासून पोरगी मातीची जी बाई घडवी, तिच्या शेजारी एक पेटीवाला उभा करी. त्या प्रत्येक पेटीवाल्याला सुपाएवढे कान असत. साव्वाचे कान तसेच होते. वर्षभर घरात फळीफळीवर सुपाएवढे कान दिसत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं.

पेलागेयाला हे लग्न व्हायला हवं होतं. स्वतःच्या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं. प्रोखोर वाईट निघाला नाही, हे तिचं नशीब. पण मुलीच्या बाबतीत तिला नशिबावर भरवसा ठेवायचा नव्हता.

अडचण एकच होती. काल उस्तिन्यानं तिच्या कानात सांगितलं होतं, "आई, तो शिट्टी मारतो."

"कोण?"

"साव्वा. त्याला कळतसुद्धा नाही गं! पेटीतल्या पट्ट्या कानशीनं घासताना तो सूर तोंडानं धरून बघतो. आता सवयच झालीय. खूश झाला की शिट्टी. विचारात पडला की शिट्टी."

"मग त्याला सांग, तोंड मिटून बस."

"सांगितलंय. तो म्हणाला, नक्की. आणि लगेच शिट्टी मारली."

पेलागेयानं पहाटे उठून पिरोग केले, माशाचं सारण भरून भाजलेले. खूप केले. तोंड भरलेलं असेल तर माणूस शिट्टी मारत नाही, एवढं शास्त्र तिला ठाऊक होतं. सासूबाईंचा होकार मिळाला की झालं. पण त्यांचा नकार भट्टीतून निघालेल्या भांड्यासारखा असे. फोडता येतो, वाकवता येत नाही.

पाहुण्यांची नाव आली ती ग्लाफिराच्या नावेवर आदळूनच. ग्लाफिरा किंचाळली, एक बदक व्यात्कार्पण झालं, आणि दोन्ही नावा खिडकीला लागल्या. आधी पेटी आत आली. मग साव्वा आला, कानांसकट. मग येलिसेय कुझ्मिच अर्धा आत आला आणि तिथंच राहिला.

"मागणी घालायला लोक दारानं येतात," सासूबाई जागेवरून न हलता म्हणाल्या. "खिडकीनं चोर येतात."

"आगाफ्या सीदोरोव्ना," चौकटीत अडकलेला येलिसेय धापा टाकत म्हणाला, "एवढा जाडा चोर तुम्ही पाहिलाय का कुठं?"

सासूबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. पेलागेयाला हायसं वाटलं. प्रोखोरनं नावेतून मागून जोर लावला आणि पाहुणा बाटलीचं बूच निघावं तसा आत पडला. रीतीप्रमाणे बापलेक मधल्या तुळईखाली जाऊन बसले. शेळीला थोडं सरकावं लागलं.

"नदीवरून येत होतो," येलिसेयनं घसा साफ करून मागणीच्या ठरीव बोलीनं सुरुवात केली. "आमचा एक राजहंस तुमच्या बदकाचा माग काढत इकडे आला म्हणतात."

"बदकं टोपलीत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "अजून वाजवून झालेली नाहीत."

उस्तिन्या कानापर्यंत लाल झाली. येलिसेयला पुढचं वाक्य आठवेना. त्यानं पुन्हा राजहंसापासून सुरुवात केली.

"ते राहू द्या," सासूबाईंनी हात वर केला. "मला सरळ सांगा. मुलगा दारू पितो का?"

"सणासुदीला. बेतानं."

"मारकुटा आहे का?"

"तो? त्याला काल कोंबडीनं टोचलं तर यानं तिची माफी मागितली."

"घरात शिट्टी मारतो का?"

साव्वानं तोंड उघडलं. पेलागेयानं त्यात पिरोग घातला.

"शिट्टी?" येलिसेय छताकडे बघत म्हणाला. "घरात? छे छे. आम्ही देवाला भिणारी माणसं."

"मुलगा का बोलत नाही?"

"खातोय, सासूबाई," पेलागेया म्हणाली. "प्रवासातून आलाय, भुकेला आहे." आणि तिनं दुसरा पिरोग हातात तयार ठेवला.

पुढचा अर्धा तास पेलागेया आयुष्यात विसरली नाही. साव्वानं उस्तिन्याकडे पाहिलं की त्याचे ओठ गोल व्हायचे. ओठ गोल झाले की पेलागेया पिरोग घेऊन हजर. त्यानं फळीवरचे सुपाएवढ्या कानांचे पेटीवाले पाहिले, तेव्हा तर तिला एकावर एक दोन कोंबावे लागले. बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं की माशाच्या काट्याचं, देव जाणे.

हे सगळं ग्लाफिरा चुलीजवळ ओले पाय शेकत बघत होती, आणि ग्लाफिराला डोळे होते. उस्तिन्या लग्न होऊन कुकार्क्याला गेली तर सोनेरी चौकोन चिकटवायचं किचकट काम कुणाच्या गळ्यात येणार, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं. तिनं पायांनी ठेका धरला आणि गायला लागली. मागणीच्या बैठकीत असं चिमटे काढत गायची रीतच होती, त्यामुळे तिला गप्प करता येत नव्हतं.

"कुकार्क्याचा पेटीवाला,
भात्यामध्ये नुसता वारा!
नवरी मागायला आला नि
पिरोग फस्त केला सारा!"

सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. साव्वाच्या तोंडात पिरोग होता, तो उत्तर देणार कसा? पण उस्तिन्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमची काकू नावेत बसली,
मेंढा फुंकी, बदक फुंकी!
गोल फिरली, हिरवी झाली,
आता चुलीशी बसून भुंकी!"

प्रोखोर इतका हसला की खिडकीतून पडता पडता राहिला. सासूबाईसुद्धा खुदकन हसल्या. त्यांना नातीचा अभिमान वाटला होता, हे पेलागेयानं स्पष्ट पाहिलं. आता फक्त 'हो' राहिलं होतं. एक शब्द.

ग्लाफिरानंही ते पाहिलं. ती उठली, टोपलीतून एक टर्की कोंबडा काढला आणि गोड आवाजात म्हणाली, "साव्वा येलिसेयिच, तुम्ही सुरांतली माणसं. बघा ना, हा नावेत वाजलाच नाही. बिचारा मुका आहे."

"ग्लाफिरा!" पेलागेया म्हणाली.

"काय झालं जाऊबाई? मी वाजवा कुठं म्हणतेय? बघा म्हणतेय."

साव्वानं तोंडातला घास गिळला. मुका कोंबडा बघून त्याच्या कपाळाला आठी पडली, बाकी जग त्याच्यापुरतं संपलं. त्यानं कोंबडा खिडकीच्या उजेडात धरला, कोंबडीचं पीस मागितलं, भोकातला खडू खरवडला, पुन्हा उजेडात धरला. त्याला आतली वाट मोकळी दिसली. तो खूश झाला. त्याचे ओठ गोल झाले.

पेलागेयाचा हात ताटाकडे गेला. ताट रिकामं होतं. शेवटचा पिरोग बाकावर शेळी चावत होती, अगदी सावकाश, पेलागेयाच्या डोळ्यांत डोळे घालून.

साव्वानं कोंबडा तोंडाला लावलासुद्धा नाही. तो सूर त्याच्या ओठांतूनच निघाला. कोंबडा वाजला असता तर असा वाजला असता, हे जणू त्याला आधी ऐकून बघायचं होतं. लांब, स्वच्छ, गोड शिट्टी. ती तुळईपर्यंत गेली, आणि माळ्यावरच्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या.

साव्वानं आजूबाजूला पाहिलं. त्याला काय झालं ते कळलं तेव्हा त्याचे कान आधी पांढरे झाले, मग लाल.

आगाफ्या सीदोरोव्ना उठल्या. "प्रोखोर. पाहुण्यांच्या टोप्या आण."

टोपी हातात देणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. उस्तिन्या रडली नाही. ती फक्त फळीवरच्या पेटीवाल्यांकडे बघत राहिली, आणि ते पेलागेयाला रडण्याहून वाईट वाटलं. तिच्या डोक्यात त्या क्षणी काहीही हुशार विचार आला नव्हता. आला होता तो नुसता राग: सासूबाईंवर, शेळीवर, एकोणीस वर्षं लिंपत बसलेल्या स्वतःच्या हातांवर.

सकाळपासून चढत आलेलं पाणी आता बाहेरून दाराला टेकलं होतं. ती दाराशी गेली, पायानं कोट सारला, अडसर उचलला आणि दार ओढलं.

व्यात्का आत आली. तिला जणू सकाळपासून बोलावणंच हवं होतं. तीन दिवस घासलेल्या पांढऱ्या फळ्यांवरून ती गढूळ, गार, कोबीची पानं घेऊन थेट चुलीपर्यंत गेली. बादली तरंगली. येलिसेयनं पेटी डोक्यावर घेतली. शेळी टेबलावर चढली.

"अगं, वेड लागलं का तुला?" प्रोखोर ओरडला.

"सासूबाई," पेलागेया म्हणाली. "पायाखाली काय वाहतंय?"

सासूबाईंनी खाली पाहिलं. पाणी त्यांच्या घोट्यांवर आलं होतं आणि एक बूट सरळ खिडकीकडे निघाला होता.

"तुम्हीच सांगितलंत. पायाखाली नदी वाहते तिथं घर नाही. तो नदीवर शिट्टी मारून गेला."

आगाफ्या सीदोरोव्ना स्वतःचा शब्द मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या, ही त्यांची मोठी खोड होती, आणि आज ती पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडत होती. पण त्या सहजासहजी हार मानणाऱ्यांतल्याही नव्हत्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "शिट्टी आधी की पाणी आधी?"

"पाणी," उस्तिन्या म्हणाली.

"तुला कोण विचारतंय?"

"पाणी," येलिसेय पेटीखालून म्हणाला.

"तुम्ही तर राजहंसच आणलात. प्रोखोर?"

प्रोखोरनं आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि घरात पहिल्यांदाच परवानगी न मागता बोलला. "पाणी, आई. मी बघत होतो."

सासूबाई ग्लाफिराकडे वळल्या. पेलागेयानं डोळे मिटले. जिनं हा सापळा लावला, ती आता काय सांगणार ते उघडच होतं.

ग्लाफिरानं दीड टोपली न वाजवलेल्या शिट्ट्यांकडे पाहिलं. खिडकीबाहेर डुलणाऱ्या नावेकडे पाहिलं. मग या घराकडे पाहिलं, जे नदी झालं होतं खरं, पण जागचं हलत मात्र नव्हतं.

"पाणी आधी," ती ठामपणे म्हणाली. "माझे पाय केव्हाचे ओले आहेत. आणि सासूबाई, मी म्हणते, इथंच बाकावर बसून वाजवल्या तर? नदीच आहे ना ही?"

आगाफ्या सीदोरोव्ना हळूच बाकावर बसल्या. वाहत चाललेला बूट त्यांनी काठीनं अडवला. साव्वाच्या हातातला टर्की कोंबडा त्यांनी काढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि तोंडाला लावला. चाळीस वर्षांत स्वतःच्या तुळईखाली त्यांनी पहिल्यांदाच फुंक मारली. कोंबडा वाजला. साव्वाच्या ओठांतून निघालेलाच सूर, तंतोतंत.

"हं," त्या म्हणाल्या. "टोप्या खुंटीलाच राहू देत. बसलात काय? टोपल्या आणा. आणि लग्नाचं काय ते पाणी आहे तोवर बोलून घ्या. कोरडं झाल्यावर मी पुन्हा विचार करीन."

मग जे झालं ते झारेच्ये वस्तीनं लांबून ऐकलं आणि सीदोरोव्नाच्या घरी कुणीतरी गेलं असं समजून दोन नावा धावत आल्या. बाकांवर पाय वर घेऊन सगळे बसले होते. मेंढे, बदकं, कोंबडे एकदम वाजत होते. साव्वा पेटी ओढत होता, घुंगरं खुळखुळत होती, येलिसेय लग्नाची तारीख ओरडून सांगत होता आणि कुणालाच ऐकू जात नव्हती. ग्लाफिरा सुक्या पायांनी मेंढा फुंकत होती आणि मधूनच उस्तिन्याला बजावत होती, "सोनं चिकटवायला जत्रेच्या आधी महिनाभर माहेरी यायचं, आत्ताच सांगून ठेवते!" एकही शिट्टी मुकी निघाली नाही. शेळीनं टेबलावरचा एक सोनेरी चौकोन चाटून खाल्ला, पण त्या दिवशी शेळीलाही माफ होतं.

संध्याकाळी प्रोखोर पाहुण्यांना टेकडीवर पोचवायला गेला. ग्लाफिरा आणि उस्तिन्या टोपल्यांत गवत भरायला माळ्यावर गेल्या. बाहेर अजून लख्ख उजेड होता. पेलागेया सासूबाईंसाठी चहा घेऊन आली.

"शिट्टी आधी होती," सासूबाई म्हणाल्या. "कान आहेत मला अजून."

पेलागेयानं बशी त्यांच्यासमोर सरकवली.

"आणि कोट तू पायानं सारलास. ह्यांचा कोट."

"हो."

सासूबाईंनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्याल्या. "माझं ठरलं तेव्हा मी आईला सांगितलं होतं, मला नको म्हणून. तिनं ऐकलं. रडलीसुद्धा माझ्यासाठी. चांगली होती गं माझी आई." "पण जमीन ओली करणाऱ्यांतली नव्हती."

पेलागेयानं सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांनी झटकला नाही.

"जमीन उद्या तूच घासायचीस," त्या म्हणाल्या.

"घासीन."

सासूबाईंनी शालीखाली लपवून ठेवलेला टर्की कोंबडा बाहेर काढला. तो त्यांनी टोपलीत टाकलाच नव्हता. तुळईकडे बघत त्यांनी विचारलं, "पाणी आहे ना अजून पायाखाली?"

पेलागेयानं खाली पाहिलं. नदी आल्या वाटेनं केव्हाच परत गेली होती. फळ्यांवर नुसता चिखल होता आणि कोबीचं एक पान.

"आहे, सासूबाई," ती म्हणाली. "भरपूर आहे."

सासूबाईंनीही खाली पाहिलं. नीट, डोळे उघडून पाहिलं. मग कोंबडा ओठांना लावला आणि वाजवला.